गोट्याचं वय विचारता, म्हणून

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितो. हिंगणा, कुही, पारशिवनी, कुठंही शिळावर्तुळाशी (लोहयुगातल्या दफनाभोवती गोल मांडलेल्या गोट्यांशी) टेप लावून मोजमाप सुरू केलं की धुऱ्यावरून वावरवाला येतोच आणि विचारतो, "भाऊ, हे गोटे किती जुने हायेत? कार्बन टेस्ट केली की कळते ना?"

गोट्याची टेस्ट होत नाही. काळ्या बेसाल्टचं वय साडेसहा कोटी वर्षांच्या आसपास, तेही दुसऱ्याच पद्धतीनं काढलेलं. तो कुणी आणि कधी गोल मांडून ठेवला, हे दगड सांगत नाही. कार्बन डेटिंग होतं ते कधीतरी जिवंत असलेल्या वस्तूचं: लाकूड, दाणा, हाड. जीव आहे तोवर त्याच्यात हवेतला कार्बन-14 येत राहतो. जीव गेला की आवक बंद आणि 5730 वर्षांत निम्मा (हेच अर्धायुष्य), या हिशेबानं गळती सुरू. म्हणजे तारीख मिळते ती दाण्याच्या मरणाची. दाणा आणि वर्तुळ एकाच वेळचे आहेत हे प्रयोगशाळा ठरवत नाही, ते उत्खनन करणाऱ्यालाच सिद्ध करावं लागतं. निम्म्या चुका इथंच होतात.

विदर्भात तर आपली काळी मातीच वैरी. मे महिन्यात वावरात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, काही मीटरभर खोल. मृगाचा पाऊस पडला की वरचा कोळसा, पऱ्हाटीच्या मुळ्या, कालच्या चुलीची राख सगळं भेगेतून खाली. मग भेग मिटते आणि कोळसा दोन हजार वर्षं जुन्या थरात बसल्यासारखा दिसतो. म्हणून भेगेच्या कडेचा, उंदराच्या बिळातला किंवा एकट्या पडलेल्या तुकड्याचा नमुना घ्यायचा नाही. शिळावर्तुळाच्या आत भरलेली काळी माती बहुधा बाहेरून आणलेली असते, तिच्यासोबत आधीचा कोळसाही येतो. तो दफनापेक्षा जुना निघाला तर नवल नाही. नागपूर जिल्ह्यातल्या नायकुंडला लोखंड गाळण्याची भट्टी सापडली. तसली भट्टी, चूल किंवा जळलेली जमीन असली की नमुना भरवशाचा, कारण जाळ जागच्या जागी झालेला असतो.

काय निवडायचं? मूठभर कोळशापेक्षा जळलेला एक दाणा बरा. तांदूळ, गहू, जव, मसूर एका हंगामाचे असतात. सागवानाचं तसं नाही. दीडशे वर्षं वाढलेल्या झाडाचा गाभा जाळला तर तारीख जाळाच्या दीडशे वर्षं आधीची येते, आणि जुन्या घराची मयाल सरपणाला गेली असेल तर आणखी मागची. दाणे हवेत तर त्या थराची निदान दहा-वीस लिटर माती रात्रभर पाण्यात भिजवून, ढवळून, वर तरंगतं ते अर्ध्या मिलिमीटरच्या चाळणीवर घ्यायचं आणि सावलीत सुकवायचं. उन्हात ठेवलं तर दाणे तडकतात.

नमुना उचलताना बोट लावायचं नाही, करणीनं किंवा चिमट्यानं घ्यायचा. कापूस, कागद आणि बिडीचा धूर लांब ठेवायचा, कारण हे सगळं कार्बनच. ॲल्युमिनियम फॉइलमध्ये गुंडाळायचं आणि चिठ्ठी बाहेरच्या पिशवीत टाकायची, आत नाही. ओला नमुना प्लॅस्टिकमध्ये बंद केला की बुरशी येते, आणि बुरशी आजची असते. चिठ्ठीवर खड्डा, थर, खोली आणि दोन बाजूंची मापं हवीत. कार्बन-14 चे अणू मोजणाऱ्या एएमएस यंत्राला शेवटी मिलिग्रॅमभर कार्बन पुरतो, पण आम्ल-क्षार-आम्ल धुण्यात बराच माल जातो. म्हणून कोळसा 20-50 मिलिग्रॅम द्यावा. पहिल्या आम्लानं आपल्याकडच्या मातीतली चुनखडी जाते, क्षारानं मातीतून मुरलेलं ह्युमिक आम्ल, आणि क्षार देताना शोषलेला हवेचा कार्बन शेवटच्या आम्लानं. हाडांवर फार आशा ठेवू नये. नागपूरजवळच्या माहुरझरीला घोड्याची हाडं निघाली खरी, पण ओल-सुक्या उष्ण मातीत कोलॅजन, म्हणजे हाडातलं प्रथिन, टिकत नाही. कोलॅजनमध्ये कार्बन-नायट्रोजनचं प्रमाण 2.9 ते 3.6 च्या बाहेर गेलं तर ती तारीख वापरू नये.

आता खरी अडचण. प्रयोगशाळेतून आकडा येतो, समजा 2450 ± 30. 'आजपासून' मोजलेली ही वर्षं 1950 पासून मागं धरतात आणि त्यांना कॅलिब्रेशन, म्हणजे खऱ्या वर्षांत रूपांतर, लागतं, कारण हवेतला कार्बन-14 सगळ्या काळात सारखा नव्हता. 2750 ± 30 चं उत्तर साधारण इ.स.पू. 975 ते 820. 2200 ± 30 चं इ.स.पू. 370 ते 170. आणि 2450 ± 30 चं? इ.स.पू. 755 ते 410. साडेतीनशे वर्षं! इ.स.पू. 750 च्या सुमारास हवेत कार्बन-14 जास्त होता, पुढं उतरत गेला. त्यामुळे जुना दाणा जास्त घेऊन जास्त काळ गळला, नवा कमी घेऊन कमी गळला, आणि आज दोघांत उरलेला साठा सारखाच. कॅलिब्रेशनच्या वक्ररेषेवरच्या या सपाटीला हालस्टॅट पठार म्हणतात. टाकळघाट, नायकुंडचा लोहयुगीन काळ नेमका याच पठारावर बसतो. यंत्र कितीही भारी आणा, एकट्या तारखेनं ही सपाटी ओलांडता येत नाही.

म्हणून सहा गावांतून एकेक नमुना पाठवण्यापेक्षा एकाच वस्तीच्या खड्ड्यातून खालून वर सहा नमुने पाठवावेत. खालचा थर वरच्याहून जुना, ही साधी माहिती ऑक्सकॅलसारख्या प्रोग्रॅमला दिली की प्रत्येक तारखेचा पल्ला अरुंद होतो. पवनी, अडमसारख्या ठिकाणी वर सातवाहन थर आहेत, तिथल्या नाण्यांनी वरची हद्द बांधता येते. दुसरा मार्ग सागाचाच. त्याची वार्षिक वलयं दिसतात. पन्नास-साठ वलयांचा जळका वासा मिळाला, तर गाभा, मध्य आणि साल यांच्या तारखांतलं अंतर आधीच ठाऊक असतं आणि ती मालिका वक्ररेषेवर सरकवून बसवता येते. एकटा तुकडा फसवणारा साग इथं कामाला येतो. वस्तीचं वेळापत्रक लागलं की तिथल्या भांड्यांशी मिळतीजुळती भांडी वर्तुळांत शोधायची आणि मग वर्तुळं त्यात बसवायची. उलट दिशेनं गेलात तर भांड्यावरून तारीख आणि तारखेवरून भांडं, असा फेरा सुटत नाही.

जुने अहवाल वाचताना एक गोष्ट सांभाळावी. टीआयएफआर (मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था), पुढं पीआरएल (अहमदाबादची भौतिक संशोधन प्रयोगशाळा), इथल्या तारखा (सांकेतिक अक्षरं टीएफ, पीआरएल) कित्येकदा 5730 च्या अर्धायुष्यानं छापल्या आहेत. कॅलिब्रेशनच्या प्रोग्रॅमला ही पद्धत शोधणाऱ्या लिबीचं जुनं 5568 लागतं. 5730 चा आकडा 1.03 नं भागल्याशिवाय टाकला तर अडीच हजारांत पंचाहत्तर वर्षांची चूक होते. त्यांचा ± बऱ्याचदा 100 चा. 95 टक्के खात्री हवी तर तो 200 होतो, म्हणजे दोन्ही बाजूंनी मिळून चारशे वर्षं. आणि 1950 वजा करून 'इ.स.पू.' लिहिलेल्या तारखा म्हणजे कॅलिब्रेशन नव्हे. एका तक्त्यात असे तीन प्रकार एकत्र पाहायला मिळतात, आणि त्यावरून लोक संस्कृतीचा 'आरंभ' ठरवतात. तक्ता करायचाच तर प्रयोगशाळेचा क्रमांक, कच्चा आकडा, अर्धायुष्य, वस्तू कोणती आणि थर कुठला, हे पाच रकाने पाहिजेत. नाही तर तारखेची जागा कोरी ठेवा.

तेव्हा 2450 सारखा आकडा आला, तर तुमच्या धुऱ्यावरच्या गोट्याला उत्तर असं मिळतं: 'बहुधा इ.स.पू. 755 ते 410 मधलं, आणि तेही खालचा कोळसा त्या दफनाचाच असेल तर.' वावर नांगरताना काळा थर किंवा मडक्यात जळके दाणे दिसले, तर चाळू नका, पाणी मारू नका. वर ओंजळभर कोरडी माती टाकून ती जागा धुऱ्यापासून किती पावलं ते लिहून ठेवा, आणि पुरातत्त्व विभागाला कळवा.