आबांची पेटी

आज आबांचं वर्षश्राद्ध. सावंतवाडीच्या घरी सगळे जमलो. जेवणं उरकल्यावर काकांनी माळ्यावरून आबांची सुतारकामाच्या हत्यारांची पेटी काढली. रंधा, पटाशा, वाकस, गुण्या. प्रत्येकाला तेलाचा हात लावून ठेवलेला. रंध्याची मूठ आबांच्या पंजाप्रमाणे झिजलीये, माझा हात तिथे बसलाच नाही.

आबा सुतात बोलायचे. इंचाचा आठवा भाग म्हणजे 1 सूत, आणि तेवढाही फरक त्यांना खपायचा नाही. चार मुलांची शिक्षणं, दोन बहिणींची लग्नं याच पेटीवर झाली.

तळाशी एक अर्धवट बैल सापडला. हलक्या पांगाऱ्याच्या लाकडाचा, इथल्या चितार आळीत खेळण्यांना वापरतात तेच. माझ्या धाकटीसाठी करत होते बहुतेक. तिने तो दिवसभर हातातून सोडला नाही. आत्ता उशाशी घेऊन झोपलीये.