उजव्या पंखाची पाकिटं

दुपारी ती ब्राह्मणी घार गेली. मी तिचे पंख उलगडले, तर दोन्ही धड. टोकाची दहाही पिसं शाबूत, एकाचीही कड फाटलेली नाही. आणि मला आनंद झाला.

तो आनंद अजून छातीत अडकलाय.

गोव्यातल्या मालीमच्या जेटीवरून आणल्यापासून तिने तारलीचा तुकडाही आपणहून घेतला नव्हता. विजेच्या धक्क्याने आत काय जळलंय ते पिसांवरून कळत नाही. मी रात्री उठून तिला बघून यायचे. मग रडू यायच्या आधी हातात मोजपट्टी कशी आली? काका दुसऱ्या घारीकडे बघून म्हणाले, "ती गेली, पण हिचें काम जालें." ते सहज बोलले. मला का बोलता येत नाही? इतकी वर्षं जखमी पक्ष्यांचं हेच करतेय, आणि कुणी विचारत नाही की तुझं कसं चाललंय... असो.

या दुसरीला कुणीतरी कोंबड्यांच्या तारेच्या खुराड्यात ठेवलं होतं. डाव्या पंखाची चार पिसं तिथेच मोडली. पूर्ण वाढलेलं पीस मेलेलं असतं, मोडलं की पुन्हा वाढत नाही. ते झडून नवं येईपर्यंत वर्षही जातं, आणि तेवढे दिवस कोंडलेल्या शिकारी पक्ष्याच्या तळपायांना जखमा होतात. म्हणून इम्पिंग, म्हणजे पिसांचं कलम. मोडका भाग कापायचा, उरलेल्या पोकळ दांड्यात बांबूची बारीक कामटी बसवायची, दुसरं टोक दात्या पक्ष्याच्या पिसात, मध्ये एपॉक्सी. खाली कागद धरायचा, शेजारच्या पिसाला डिंकाचा थेंबही लागता कामा नये. तेराव्या शतकात सम्राट दुसऱ्या फ्रेडरिकने ससाण्यांसाठी ही युक्ती लिहून ठेवलीय. पण जात तीच लागते, बाजू तीच, क्रमांकही तोच. डाव्याचं तिसरं डाव्याच्या तिसऱ्यालाच. दोघी पूर्ण वाढलेल्या ब्राह्मणी घारी, आणि माप तंतोतंत जुळलं. असं जुळणं किती दुर्मीळ, ते साठवलेल्या पिसांचा फ्रीझर उघडून रिकाम्या हाताने परतलेल्यालाच ठाऊक.

म्हणजे आनंद झाला तो जुळण्याचा. मरण्याचा नव्हे. हे लिहून पाहिलं, थोडं खरं वाटतंय. पूर्ण नाही.

पुढच्या पीसगळीत ही चारही पिसं आपोआप झडतील आणि हिची स्वतःची येतील. तोवर ही मांडवीवरून मासे उचलेल, त्या गेलेलीच्या पिसांवर. मला हे हवंय. इतकं हवंय की त्यापुढे माझं रडू मागे राहिलं, आणि पुढच्या वेळीही राहील. राहू दे.

उद्या सकाळी काका धरणार, मी चिकटवणार. उजव्या पंखाची पिसं क्रमांक घालून वेगवेगळ्या पाकिटांत ठेवलीत. उजवं मोडलेली कुणी येईलच.