माळाकडचा एकर

लातूर जिल्ह्यातल्या मांजरा काठच्या गावांत मी बायकांच्या बैठका घेते. विषय हवामानबदल. ही बैठक ऑक्टोबर २०२५ची. गावाचं नाव सांगत नाही, कारण तिथं जे बोललं गेलं ते घरचं होतं.

पुराला महिनाही झाला नव्हता. समाजमंदिराच्या भिंतीवर गाळाची रेघ तशीच होती. आम्ही सुरुवात रांगोळीनं करतो. फरशीवर लांब रेघ ओढायची आणि जिला जे वाईट वर्ष आठवेल तिनं तिथं खूण करायची. सगळ्यात थोरल्या मावशींनी १९७२ दाखवलं. त्या दुष्काळात त्या आईबरोबर खडी फोडायला जायच्या. मग १९९३. भूकंपाचा हवामानाशी संबंध नाही, पण किल्लारीच्या परिसरात ती खूण पुसायला मी कधीच सांगत नाही. त्यानंतर २०१४ची गारपीट. मग २०१६, मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं ते वर्ष. "रेल्वे शहराला आली माय, आमच्याकडं टँकरच," एक जण म्हणाली. शेवटी यंदाचा सप्टेंबर. डावीकडे रेघ मोकळी आणि उजवीकडे खुणा एकीला एक लागलेल्या. बायका बराच वेळ त्या रेघेकडे बघत राहिल्या.

पुढचा भाग होता 'मी काय करणार'. त्यासाठी छापील पत्रक होतं: दिवे बंद करा, कापडी पिशवी वापरा, एसटीनं प्रवास करा. भारतात माणशी वर्षाला साधारण २ टन कार्बन डायऑक्साइड हवेत जातो आणि जगाची सरासरी त्याच्या दुपटीहून जास्त आहे, हेही मी वाचून दाखवलं.

"मग आमचा किती?" मागून प्रश्न आला. विचारणारीकडे दोन बल्ब होते. गाडी नव्हती. पिशवी जुन्या लुगड्याची होती. पत्रकातलं सगळं ती आधीपासून करत होती आणि तरीही तिचंच सोयाबीन पाण्यात गेलं होतं. असली पत्रकं खरं तर दुसऱ्या दारांवर जायला हवीत, असं मला तेव्हा वाटलं, आजही वाटतं. मी ते घडी करून पिशवीत ठेवलं.

"तुमच्या हातात काय आहे ते सांगा," मी म्हणाले.

कुणी बोलेना. मग चाळिशीतली एक जण उठली. तिच्या घरची तीन एकर जमीन. पूर्वी सोयाबीनमध्ये तुरीच्या ओळी असायच्या, कडेला तीळ, अंबाडी, मूग-उडीद वेगळा. दहा वर्षांत सगळं रान सोयाबीनचं झालं. यंदा शेंगांना जागेवरच कोंब फुटले आणि घरात खायला डाळही उरली नाही. "पेरायचं काय, हे मला कुणी इचारतच नाही. एक एकर माझ्या हातात असता, तर काहीतरी वाचलं असतं."

तिचे सासरे दाराबाहेर ओट्यावर बसले होते, हे सगळ्यांना माहीत होतं. तिलाही. मी रांगोळीच्या डब्याचं झाकण लावत बसले. अशा वेळी मधे बोलू नये, एवढं या कामात शिकले आहे.

ते दारात आले. "कुठला एकर पाहिजे?"

"हिरीजवळचा."

"त्यो नाय मिळायचा. माळाकडचा घे."

माळाकडची जमीन मुरमाड. बायकांत कुजबुज झाली. ती मात्र लगेच म्हणाली, "चालंल मामा. तिथं पाणी साचत नाही." मग माझ्याकडे वळून तिनं तिथल्या तिथं हिशोब मांडला: आत हरभरा, थोडं जवस, कडेनं काटेरी करडई, म्हणजे गुरं शिरणार नाहीत.

"बी कुठून आणशील?" सासऱ्यांनी विचारलं.

उत्तर १९७२वाल्या मावशींनी दिलं. "करडईचं माझ्याकडं हाय. गाडग्यात, राखेत ठेवलेलं. माळवदाजवळच्या फळीवर होतं, म्हणून पुरातून वाचलं."