‘झालाच समजा, ताई!’

चौथ्या खेपेला मी टेलरच्या फळीवरून माझी थैली स्वतःच ओढून काढली. तोंडाला मीच मारलेली दुहेरी गाठ, वर मीच लावलेली सेफ्टी पिन, सगळं जसंच्या तसं. ब्लाऊज टाकून सत्तावीस दिवस झाले होते. आणि चारच दिवसांपूर्वी हा माणूस तोंड वर करून म्हणाला होता, ‘‘ताई, कटिंग झालं हाये, नुसती शिलाई मारायची बाकी हाये.’’

गाठ न सोडता कटिंग कसं करतात, ते मला अजून कळलेलं नाही.

तर हे प्रकरण असं. भाचीचं लग्न 12 मेचं. आईने तिची करवती साडी मला दिली. आईचं माहेर भंडारा जिल्ह्यातलं, मोहाडीकडचं. त्या भागातल्या आंधळगावला कोशाच्या, म्हणजे टसर रेशमाच्या, साड्या विणतात. अंगाला मधासारखा कोसा आणि काठ सुती, गडद मरून. काठाची आतली कड करवतीच्या दात्यांसारखी, म्हणून करवती. विणताना आडवा धागा नेणारे तीन धोटे चालतात, दोन काठांचे दोन आणि मधल्या अंगाचा एक. त्यामुळे काठाचा रंग अंगात मिसळत नाही, दाते कापून ठेवल्यासारखे स्वच्छ दिसतात. साडी तीस वर्षांची असली तरी काठ तसूभरही फिका पडलेला नाही. कोसा मात्र घड्यांवर जरा हळवा झालाय. आई दर दिवाळीला घडी मोडून वेगळ्या रेघेवर घालते आणि जुन्या धोतरात गुंडाळून ठेवते, म्हणून टिकली. तुमच्याकडे अशी साडी प्लॅस्टिकच्या पिशवीत असेल तर हे वाचणं थांबवा, आधी ती बाहेर काढा.

आईचा त्यावरचा ब्लाऊज मला दंडात जाईना. नवा शिवायचं ठरलं. भाचीने मोबाईलवर चाळीस फोटो दाखवले. बोटनेक, मटका गळा, पाठीला डोरी आणि लटकन, फुग्याच्या बाह्या. फुग्याच्या बाह्या आईच्या लग्नाच्या फोटोतही आहेत, तेव्हा ती म्हणाली, ‘‘माय वो, हे तं आमचंच परत आलं!’’ मी बोटनेक आणि कोपरापर्यंत बाही ठरवली. पॅडबिड काही नको. मे महिन्यात आमच्याकडे पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो, मांडवातला कूलर नवरदेवाकडच्यांकडे तोंड करून असतो, आणि पॅडचा ब्लाऊज घामाने भिजला की संध्याकाळपर्यंत वाळत नाही. साडीखाली परकराऐवजी ते अंगाला चिकटणारं शेपवेअर घालतात, तेही आमच्या हवेत ज्याने त्याने आपल्या जबाबदारीवर घालावं.

साडीसोबत ब्लाऊजपीस नव्हता, तो आईने तेव्हाच वापरला. मरून सुती कापड घेतलं. दुकानदार ऐंशी सेंटीमीटर देत होता. कोपराची बाही असेल तर मोठ्या पन्ह्यातही मीटरभर घ्या, नाहीतर टेलर बगलेत तुकडा जोडतो. आणि कापड ट्यूबलाइटखाली बघू नका, साडी घेऊन दुकानाच्या पायरीवर या. आत जो मरून वाटला तो उन्हात चक्क वांगी रंगाचा निघाला, मी दोनदा बदलला.

बाहीला साडीचाच काठ हवा होता. त्यासाठी साडीचा खोचायचा पदर, म्हणजे आतलं टोक, एक फूट कापलं. साडीला दोन्ही बाजूंनी काठ असतो, म्हणून एका फुटातून दोन बाह्यांच्या दोन पट्ट्या निघतात. साडी साडेपाच मीटरची सव्वापाच होते, तेवढी एक निरी कमी बसते. कात्री मी लावली. आई स्वयंपाकघरात निघून गेली होती.

5 एप्रिलला थैली टेलरकडे दिली. आमच्या गावापासून तालुक्याचं गाव 22 किलोमीटर. बसमध्ये बायांना अर्धं तिकीट आहे म्हणून बरं, नाहीतर या ब्लाऊजच्या शिलाईपेक्षा त्याचा प्रवास महाग पडला असता. टेलर नावाजलेला, कटोरी ब्लाऊजमध्ये त्याचा हात कोणी धरू शकत नाही, हे मी आजही म्हणेन. अस्तरासकट शिलाई 450 रुपये. तो म्हणाला, ‘‘18 तारखेला घेऊन जाजा.’’

आता एक कबुली. मी ग्रामपंचायतीत संगणक परिचालक आहे. नमुना 8, जन्माचा दाखला, रहिवासी, सगळं माझ्याच टेबलावरून जातं. ‘सर्व्हर डाउन आहे, उद्या या’ हे वाक्य मी दिवसातून किती वेळा म्हणते, त्याची मोजदाद नाही. त्यामुळे समोरचा कधी खरं बोलतो आणि कधी उद्यावर ढकलतो, हे मला दुसऱ्या कोणाहीपेक्षा चांगलं कळायला हवं होतं.

18 एप्रिल. ‘‘लाइन नाही ना ताई सकाळपासून. मोटर चालत नाही.’’ मी मान डोलावली, आमच्या ऑफिसातही लाइन जाते. बाहेर आले तर बाजूच्या रसवंतीत मिक्सर घरघरत होता. मी तिथेच थंडगार मोसंबी रस प्यायले आणि बसस्टँडवर येईपर्यंत मला काही सुचलंच नाही. बस हलली तेव्हा सुचलं.

24 एप्रिल. टेलर स्वतः लग्नाला गेलेला. पोऱ्या म्हणाला, ‘‘काका सांगून गेले, झालाच समजा.’’

28 एप्रिल. कटिंग झाल्याची ती थाप. वर म्हणाला, ‘‘कायले टेन्शन घेता, लग्न कधी हाये तुमचं?’’ मी म्हटलं, माझं होऊन एकवीस वर्षं झाली. दुकानातल्या दोन बाया हसल्या, तोही हसला, आणि मी परत हात हलवत बसमध्ये.

2 मे. गाठ.

मला आधी वाटलं, थैली उचलावी आणि चालू पडावं. पण लगनसराईच्या ऐन मध्यात दुसरा कोण घेणार? गावात एक काकू शिवतात, पण त्यांच्याकडे त्या वेळी शाळेच्या गणवेशांचा ढीग होता. मग मी थैली टेबलावर ठेवली, स्टूल ओढलं आणि बसले. म्हटलं, ‘‘भाऊ, आज सुट्टी टाकून आली आहे. तुम्ही कापता ते बघते.’’

‘‘अवो ताई, संध्याकाळपर्यंत करून देतो ना, तुम्ही बाजार करून या.’’

‘‘बाजार झाला माझा.’’

अकरा वाजले होते. पहिला तास त्याने मला न बघितल्यासारखं केलं. एका बाईचा फॉल-पिको केला, दुसरीचा पंजाबी आखूड केला. मी बसले होते. पत्रा तापला होता, पंखा वरची गरम हवा खाली ढकलत होता. सव्वाबाराला त्याने थैली घेतली, पिन काढली. गाठ त्याला सुटेना, दातांनी सोडली.

त्यानंतर जे पाहिलं त्यासाठी मी त्याला निम्मी माफी देते. आधी त्याने अस्तर हातात चुरगाळून पाहिलं आणि विचारलं, ‘‘भिजवून आणलं?’’ आणलं होतं. सुती अस्तर रात्रभर पाण्यात ठेवून, वाळवून, इस्त्री करूनच द्यायचं. तसं न केलेलं अस्तर पहिल्या धुण्यात आटतं आणि वरचं कापड फुगून गोळा होतं. साडीच्या फॉलचंही तेच. मग माझा मापाचा ब्लाऊज त्याने टेबलावर सपाट केला, मुंढा, म्हणजे बाही जोडतात तो गोल, मुंढ्यावर ठेवून, आणि मला विचारलं, ‘‘हा होते का तुम्हाले आता?’’ खरं सांगायचं तर दंडात होत नव्हता. तीन वर्षांपूर्वीचा. मी गप्प बसले असते तर नवीनही तसाच झाला असता.

इथे थोडं थांबते, कारण हे आपल्याकडे फार होतं. परक्या माणसाने टेप लावायला नको म्हणून आपण मापाचा ब्लाऊज देतो. तो द्यायचा तर द्या, पण जो आज अंगात नीट बसतो तोच द्या. जो आवडता आहे तो नको. घरीच कोणाकडून तरी माप घ्या, लग्नाच्या दिवशी जे आतून घालणार तेच घालून. छाती, छातीखालचं, खांदा, पाठीची उंची आणि दंड. कोपराची बाही असेल तर हात दुमडून कोपराचा घेर घ्या. सरळ हाताचं माप दिलं तर जेवताना घास तोंडापर्यंत पोचत नाही. हे सगळं कागदावर लिहून थैलीत टाका. मी हे सगळं शिकले ते त्याच दिवशी स्टुलावर. घरून मात्र नुसता ब्लाऊज टाकला होता. शेवटी टेलरने टेप माझ्याच हातात दिला आणि मी माझ्या दंडाचा आकडा त्याला सांगितला. अर्धा इंच कमी सांगितला. का सांगितला, विचारू नका.

खडू, कात्री, दहा मिनिटांत मागचा भाग वेगळा. गळ्याच्या पायपिंगसाठी त्याने उरेब पट्टी काढली, कापडावर तिरपी. सरळ पट्टी गोल गळ्यावर वळत नाही, उभी राहते. बाजूच्या शिलाईत मी दोन्हीकडे इंचभर माया, म्हणजे पुढे उसवून सोडता येईल असं जास्तीचं कापड, ठेवायला लावली. तो अर्ध्यावरच थांबत होता, म्हणे फुगीर दिसते. म्हटलं दिसू द्या.

साडेतीनला बाह्यांची पाळी आली. मला डुलकी लागत होती. डोळे उघडले तर त्याने काठाच्या दोन पट्ट्या दोन बाह्यांवर टाचल्या होत्या आणि मशीनखाली एक बाही गेलीही होती. काहीतरी खटकलं. एका बाहीवर करवतीचे दाते वर, खांद्याकडे. दुसरीवर दाते खाली, हाताच्या पंजाकडे.

झालं होतं असं, की साडीच्या वरच्या काठाचे दाते खाली बघतात आणि खालच्या काठाचे वर, दोन्ही साडीच्या अंगाकडे. मी कापलेल्या दोन पट्ट्या त्या दोन काठांच्या. त्याने तुकडा जसा समोर आला तसा लावला. एक पट्टी नुसती फिरवून घ्यायची होती.

‘‘थांबा!’’ मी एवढ्या जोरात ओरडले की रसवंतीवाला डोकावून गेला.

टेलरने चष्मा वर केला. दोन्ही बाह्या हातात घेऊन खिडकीच्या उजेडात नेल्या. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, ‘‘पंचवीस वर्षांत कोणी करवती घेऊन आलंच नाही ना इकडे.’’ आणि शांतपणे ब्लेडने टाके उसवायला बसला. त्या क्षणी माझा अर्धा राग उतरला. उरलेला अर्धा सत्तावीस दिवसांचा होता, तो तसाच राहिला.

काठाची बाही असेल तर थैलीत चिठ्ठी टाका, बाण काढून. फोटोत नीट दिसत नाही.

पाच वाजता ब्लाऊज उभा राहिला. हुक-काज आणि तुरपाई बाकी होती. ती कामं त्याच्या गल्लीतली एक मुलगी घरी करते, म्हणजे आणखी एक ‘उद्या’. मी म्हटलं, द्या इकडे, मी करते. त्याने 450 मधले तीस रुपये कमी केले, ते मात्र न मागता. साडेपाचची बस धरली.

हुक रात्री लावले, नवरा टीव्ही बघत होता तेव्हा. घालून पाहिला. गळा सुरेख, पाठ एकदम बसलेली, मुंढ्याला एक सुरकुती नाही. बाही मात्र दंडात आवळत होती, अर्ध्या इंचाने. माया बाजूच्या शिलाईत होती तशी बाहीतही होतीच, उसवून सोडली. नवीन ब्लाऊज घालून आधी दोन्ही हात वर करा, मग खाली बसा, मग मागे हात नेऊन पदर खांद्यावर टाका. आरशासमोर सरळ उभं राहून सगळेच ब्लाऊज बसतात.

लग्नात फार दागिने घातले नाहीत. कोशाला चकाकणारी जर सोबत चालत नाही, तो मंद असतो. मोत्यांच्या कुड्या आणि काळी पोत, बस. आईने माझ्या बाहीवरच्या दात्यांवरून बोट फिरवलं आणि विचारलं, ‘‘कापली तेवढीच ना?’’ घरी आल्यावर साडी सावलीत पंख्याखाली पसरून घाम वाळू दिला, मगच घडी घातली. घामासकट घडी घातलेला कोसा पुढच्या वर्षी बगलेत पिवळा निघतो.

दोन आत्यांनी ब्लाऊज कुठे शिवला ते विचारलं. मी टेलरचं नाव सांगितलं आणि सोबत म्हटलं, ‘‘डबा घेऊन जाजा.’’

मापाचा ब्लाऊज मात्र त्या दिवशी जिंकल्याच्या भरात दुकानातच राहिला. परवा फोन केला. म्हणाला, ‘‘हाये ना ताई, बाजूले काढून ठेवला हाये. उद्या या, घेऊन जाजा.’’