स्टार कॅक्टस मागितला तर नक्की कुठला मिळणार?

सोलापुरात गच्चीवर कॅक्टस ठेवणारे आता बरेच झालेत, चांगलंच आहे, एवढ्या उन्हात दुसरं टिकतंय तरी काय. पण नावांचा गोंधळ लई आहे राव. नर्सरीत जाऊन "स्टार कॅक्टस द्या" म्हटलं की ज्याच्याकडे जे असेल ते तो देतो, आणि त्याला तरी काय बोलणार, कारण ॲस्ट्रोफायटम ॲस्टेरियस पण स्टार आणि ॲस्ट्रोफायटम ऑर्नेटम पण स्टारच. पहिला चपटा, बिनकाट्याचा, आठ फोडींचा, दुसरा उभा वाढणारा आणि चांगले दणदणीत काटे असलेला. किंमतीत पण जमीन-अस्मानाचा फरक. त्यातही ॲस्टेरियसची जपानमध्ये तयार केलेली 'सुपर काबुतो' म्हणून व्हरायटी आहे, अंगभर मोठे पांढरे ठिपके असलेली, तिच्यासाठी तर लोक अक्षरशः वेडे होतात.

पुढची गंमत म्हणजे हुबेहूब ॲस्टेरियससारखं दिसणारं एक झाड कॅक्टसच नाही. युफोर्बिया ओबेसा, इंग्रजीत बेसबॉल प्लांट म्हणतात, मूळचं दक्षिण आफ्रिकेचं. ते पण गोल, त्याला पण बहुतेकदा आठच फोडी. मग ओळखायचं कसं? फोडीच्या मधोमध नीट बघा, ॲस्टेरियसला तिथं लोकरीचे बारीक गोळे एका ओळीत दिसतात. त्याला एरिओल म्हणतात, काटे फुलं पिल्लं सगळं तिथूनच फुटतं. एरिओल असेल तर कॅक्टस, नसेल तर नाही. ओबेसाला टोचलं तर पांढरा चीक येतो पण टोचून बघू नका, डोळ्यात गेला तर आग आग होते. आपल्या बांधावरचा तीनधारी निवडुंग आणि शेर हे पण युफोर्बियाच बरं का. आणि उलट, घरोघरी रात्री फुललं की शेजारीपाजारी जमून फोटो काढतात ते ब्रह्मकमळ मात्र खरोखरचं कॅक्टस, एपिफायलम ऑक्सिपेटॅलम, मेक्सिको-मध्य अमेरिकेकडचं. हिमालयातलं ब्रह्मकमळ वेगळंच, ते सूर्यफुलाच्या कुळातलं.

लाल-पिवळ्या बोंडाचा मून कॅक्टस सगळ्यांनी बघितलाय. वरचं बोंड म्हणजे जिम्नोकॅलिशियम मिहानोविची, त्यात हरितद्रव्यच नसतं त्यामुळे ते एकटं जगू शकत नाही, म्हणून कलम करतात. आणि खालचा हिरवा तिधारी दांडा बहुतेकदा ड्रॅगन फ्रूटचा असतो, तोच जो आपल्या सांगोल्याकडं लोक शेतात लावायलेत!

"ओल्ड मॅन" मागितला तरी तेच. केसाळ म्हातारा म्हणून मेक्सिकोचा सेफॅलोसेरियस सेनिलिस पण येतो आणि पेरूचा एस्पोस्टोआ लॅनाटा पण. मला विचाराल तर सेनिलिसच घ्या, त्याचे केस खरंच पिकल्यासारखे लांब लोंबतात.

बरं शास्त्रीय नावं तरी कुठं स्थिर आहेत. १७५३ मध्ये लिनियस या स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञानं माहीत असलेले सगळे कॅक्टस 'कॅक्टस' या एकाच जीनसमध्ये, म्हणजे जवळच्या जातींच्या एकाच गटात, टाकले होते, आता शंभराच्या वर जीनस आहेत. गोल्डन बॅरल आपण सगळे एकायनोकॅक्टस ग्रुसोनी म्हणतो, २०१४ मध्ये त्याचं क्रोएनलेनिया ग्रुसोनी झालं, पण जुनंच नाव चालतंय सगळीकडं. त्याला इंग्रजीत सासूबाईंची उशी पण म्हणतात, हे मी आमच्या घरात अजून बोललेलो नाही.

नावाचा उपयोग काय असं कुणी म्हणेल, तर उपयोग मे महिन्यात कळतो. ॲस्टेरियस त्याच्या मूळ जागी, टेक्सास आणि मेक्सिकोत, झुडपांच्या सावलीला वाढतो, जिम्नोकॅलिशियम पण बरेचसे गवताच्या आडोशाला. कॅक्टस आहे म्हणून आपल्या बेचाळीस-त्रेचाळीसच्या उन्हात उघड्यावर ठेवलात तर एका बाजूनं भाजतो आणि तो डाग कायमचा. ग्रीन नेट लावा की.

आणि घेताना नाव लगेच टॅगवर लिहून घ्या, घरी येईपर्यंत विसरतंय. टॅगवर पेन्सिलनंच लिहा, मार्कर आपल्याकडं एक उन्हाळा पण टिकत नाही. माझ्याकडं मॅमिलारिया इलाँगाटाची पिल्लं भरपूर झालीत, जुळे सोलापूरकडं कुणी असेल तर कमेंट करा, टॅगसकट देतो.