गच्चीवरची नोंद : मृगाआधीचा पाऊस आणि गावरान वाल

मंडळी, पुण्यातल्या गच्चीवरच्या बागेचा उन्हाळ्यापासून संक्रांतीपर्यंतचा हिशेब मांडतेय.

2025 मध्ये मॉन्सून 26 मे रोजीच मुंबईत दाखल झाला. एरवीची तारीख 11 जून. 1950 पासूनच्या नोंदींत इतक्या लवकर तो कधी आला नव्हता. मृग नक्षत्र धरून पेरणारे आपण सगळेच गडबडलो असणार. त्यामुळे यंदा मी एकाच गोष्टीवर लक्ष ठेवलं: हवामान असं हुलकावण्या देत असताना कुठलं झाड टिकतं.

टोमॅटोची फुलं एप्रिलमध्ये गळाली. दिवसा पारा 35 च्या पुढे आणि रात्रीही उकाडा असला की पराग दुबळे पडतात, फळ धरत नाही. खत वाढवून उपयोग नाही. उन्हाळ्यात टोमॅटोचा हट्ट मी आता सोडलाय. त्याच कुंड्यांत मायाळू लावला आणि तो उन्हात तरारला. पानं जाड, रसरशीत. भजी, डाळ, पातळ भाजी सगळ्याला चालतात. देठाचा तुकडा खोचला तरी फुटतो.

खरा आनंद दिला तो वालानं. हा गावरान वेल दिवस आखूड व्हायला लागल्याशिवाय फुलत नाही, मग पाऊस मेमध्ये येवो की जूनमध्ये. सगळा पावसाळा त्यानं नुसती पानं वाढवण्यात घालवला, म्हणून सप्टेंबरच्या झोडपणाऱ्या सरींत गळायला फुलंच नव्हती. बारमाही झुडपी वाणांची फुलं मात्र त्याच पावसात झडली. ऑक्टोबरअखेरच्या अवेळी पावसानं वालाचे पहिले तुरे नेले, पण मागून नवे येतच राहिले. जांभळ्या तुऱ्यांवर काळा मावा (रस शोषणारी बारीक कीड) चढला होता. फवारणी केली नाही. चारेक दिवसांत लेडीबर्ड भुंगेऱ्यांच्या काटेरी, काळ्या-नारिंगी अळ्या आल्या आणि त्यांनी देठ साफ केले.

अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी वाल-घेवड्याचे कितीतरी वाण जपले. 2020 चा पद्मश्री पुरस्कार त्यांना त्याच कामासाठी जाहीर झाला. गच्चीवर घराचं पोट भरत नाही, हे मान्य. अवकाळीनं जुन्नर-नारायणगावकडचा टोमॅटो झोडपला की मंडईतले भाव चढतात, आणि माझ्या चार कुंड्यांनी ते उतरत नाहीत. पण बी जपायला चार कुंड्या पुरतात! वालात बहुतांशी स्वपरागीभवन होतं, त्यामुळे वाण सहसा भेसळत नाही. उकाडा, पाऊस, मावा सगळं सोसून उभ्या राहिलेल्या वेलाचं बी दरवर्षी राखलं, तर हळूहळू आपल्याच हवेला सरावलेलं बियाणं हाताशी येतं. संकरित टोमॅटोच्या बियांतून तसाच टोमॅटो मिळेल याची खात्री नसते.

बियाण्यासाठी सर्वांत जोमदार वेलाच्या मधल्या शेंगा वेलावरच वाळू दिल्या. हलवल्या की आत बी खुळखुळतं, तेव्हा काढायच्या. मग सावलीत सुकवून, चाळलेल्या राखेत मिसळून काचेच्या बरणीत. दमटपणा राहिला तर भुंगा लागलाच समजा.

वालाचं आणि मायाळूचं बी वाटण्याइतकं आहे. मला कोकणातला कडवा वाल आणि विदर्भातली अंबाडी हवीय. अदलाबदलीला कोण तयार आहे? बी कुठल्या गावचं, कधी पेरलं आणि कधी फुललं, एवढं पुडीवर लिहून द्या.