आमची वाटचाल : शिरोरेघ ओढणारी निब

भुसावळ स्टेशनच्या बाहेर नानांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, पेन दुरुस्तीचं दुकान होतं. दुकान कसलं, सहा फुटांची फळी, एक काचेची पेटी आणि शाईनं निळं पडलेलं फडकं. गिऱ्हाईक बहुतेक रेल्वेचं. निब वाकली, जीभ (निबेखालची, तिला शाई पुरवणारी पट्टी) चोंदली, टोपण सैल झालं, की गार्ड आणि पार्सल ऑफिसातले कारकून डबा खायच्या सुट्टीत पेन ठेवून जायचे आणि संध्याकाळी घेऊन जायचे. शाळा सुटली की मी तिथंच जाऊन बसायचे. नवी निब कागदावर ओढताना नाना कान अगदी खाली नेत. खरखर डोळ्यांना दिसण्याआधी कानाला कळते, हे मी त्यांच्याकडून शिकले. आजही निब तपासताना मी दुकानातला पंखा बंद करते.

पुढे बॉलपेन आले, रिफिल आल्या. दुकानात वह्या, कंपास, लग्नपत्रिका असं सगळं आलं. त्या वर्षांबद्दल फार लिहिण्यासारखं नाही, संसार चालला. पण नानांनी निबांची डबी कधी मोडीत काढली नाही. ते गेल्यावर ती उघडली, तर कागदाच्या पुड्यांत नंबराप्रमाणे बांधलेल्या निबा निघाल्या, प्रत्येक पुडीवर त्यांच्या अक्षरात आकडा. त्यातल्याच एका निबेसाठी पेन करून घ्यावा म्हणून मी लेथ, म्हणजे कातण्याचं यंत्र, शोधायला लागले आणि आमचा शाईपेनांचा व्यवसाय सुरू झाला.

जळगावच्या एमआयडीसीत एक जुना लेथ मिळाला. शिकवायला भेटले वरणगावच्या आयुध निर्माणीतून निवृत्त झालेले एक टर्नर काका. आयुष्यभर पितळ आणि पोलाद कातलेला माणूस. पहिल्या दिवशी मी एबोनाइटच्या कांडीवर हत्यार जोरात टेकवलं, तर हात धरून म्हणाले, "पोरी, हे लोखंड नाही. दमानं घे, नाहीतर तडकेल." एबोनाइट म्हणजे रबरच, पण त्यात गंधक इतका घालून तापवतात की ते लाकडासारखं टणक होतं. कातताना त्याचा वास येतो, काडी पेटवल्यासारखा. तो कपड्यांत बसतो. घरच्यांनी त्याची सवय करून घेतली, याबद्दल मी त्यांची ऋणी आहे. एबोनाइट हातात गार लागत नाही, आणि पेन कोरडा पडेपर्यंत लिहिलं तरी बोटांना जड होत नाही. उन्हात नि पाण्यात मात्र त्याचा रंग विटतो, हे आम्ही पेन देतानाच सांगतो.

पहिली खेप आम्ही ड्रॉपरनं भरायच्या पेनांची काढली. नळीत थेट शाई, ती रिकामी होईपर्यंत लिहा. थंडीत सगळे खूष होते. मार्च उलटला आणि फोन सुरू झाले. नळीत शाई निम्म्याच्या खाली गेली की वर हवा उरते. हाताच्या उबेनं ती हवा फुगते आणि शाई निबेतून ढकलून देते. आमच्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीशी गाठतो, पेन मोटरसायकलवाल्याच्या खिशात असतो, मग काय व्हायचं ते झालं. एका वकिलांचा पांढरा सदरा कोर्टात उभे असतानाच निळा झाला. चूक आमची होती. मी पुस्तकी मापं उचलली होती, खान्देशचं ऊन धरलंच नव्हतं. ज्यांनी मागितले त्यांचे पैसे परत केले, बाकीच्यांचे पेन परत मागवले. आता नळीची भिंत जाड ठेवतो, टोपणाच्या आत बूच बसवतो आणि प्रत्येक पेनाबरोबर कन्व्हर्टर, म्हणजे नळीच्या आत बसणारी शाई ओढून घ्यायची छोटी नळी, देतो. ज्याला ड्रॉपरनंच भरायचाय त्याला सांगतो, उन्हाळ्यात शाई निम्म्यावर आली की पुन्हा भरा. वकीलसाहेब आजही आमचं गिऱ्हाईक आहेत.

निबा आम्ही करत नाही, विकत घेतो. कानपूरच्या घेतो, आणि जर्मनीच्या बॉक आणि जोवो या कंपन्यांच्या. बहुतेक पेनांत सहा नंबरची, म्हणजे साधारण ३५ मिलिमीटर लांबीची स्टीलची निब बसते. जीभ शक्यतो एबोनाइटची. ती उकळत्या पाण्यात धरून अंगठ्यानं निबेला दाबून बसवता येते, प्लॅस्टिकच्या जिभेला असा हात देता येत नाही. हे काम दिसायला छोटं, पण पेन सलग लिहील की मध्येच कोरडा पडेल हे इथं ठरतं.

रविवारी सकाळी दुकानात शाईपेनवाल्यांची बैठक भरते. निवृत्त शिक्षक, एक दंतवैद्य, ते वकील, कॉलेजातली दोन मुलं. चहा असतो, हिवाळ्यात भरीत-कळण्याची भाकरीही असते. वाद मात्र एकच, बारीक निब की मध्यम? गुरुजी नवा पेन हातात आला की 'ळ', 'क्ष' आणि 'द्ध' लिहून बघतात. मध्यम निबेनं बारीक अक्षरात 'द्ध' लिहिला की पोट भरून येतं, काळा ठिपकाच. बारीक निबेनं तो सुटा दिसतो, पण मग शिरोरेघ केसासारखी येते. दंतवैद्य जपानी निबेच्या बाजूचे, कारण जपानी बारीक ही युरोपातल्या बारीकपेक्षाही बारीक. गुरुजी म्हणतात, त्यानं अक्षर आजारी दिसतं. वहीचा कागद हलका असला की शाई फुटते आणि दोघांचंही म्हणणं वाहून जातं.

त्यात स्टब निब आली. तिचं टोक आडवं सपाट, म्हणून उभी रेघ जाड आणि आडवी बारीक. इंग्रजीत ती देखणी दिसते. मराठीत काना जाड होतो आणि शिरोरेघ दुबळी. फेब्रुवारी २०२४ मध्ये अमळनेरला ९७ वं मराठी साहित्य संमेलन झालं. तिथं मी वीस पेन घेऊन गेले होते. माणसं पेन उचलत, आपलं नाव लिहीत, आणि नावावरून रेघ ओढताना थबकत. आपल्या अक्षराला डोक्यावरची रेघ जाड हवी असते. ही गोष्ट मला नानांच्या फळीपाशी बसून कळायला हवी होती, ती त्या तीन दिवसांत कळली.

याच्या उलटी निब असते, आर्किटेक्ट घासणीची. आडवी रेघ जाड, उभी बारीक. तशी तयार निब मिळणं मुश्कील, रुंद टोकाची निब घेऊन तिच्या टोकाला असलेला धातूचा मणी हातानं घासावा लागतो. सराफ बाजारातल्या एका कारागिरानं मला दहापट भिंगातून बघायला आणि घासायचा हात कुठं थांबवायचा ते शिकवलं. टोकाचा मणी मिलिमीटरभरसुद्धा नसतो, आणि घासून गेलेला परत येत नाही. डझनभर निबा मी वाया घालवल्या. या निबेचा स्वभावही असा, की पेन जितका आडवा धराल तितकी शिरोरेघ भरदार, उभा धरला की ती बारीक होते. गुरुजी पेन सरळ उभा धरतात. त्यांची निब तीनदा घासली, तेव्हा त्यांच्या हाताला बसली.

यंदाचा विशेष पेन याच निबेभोवती बेतलाय. साठ नग, हिरव्या-तपकिरी लाटांचं एबोनाइट. रावेर-यावलकडून येताना केळीच्या बागेत कडेनं वाळलेली पानं दिसतात, तो रंग. बैठकीत यावरही मतं पडली. मुलांना क्लिप सोनेरी हवी होती, वकिलांना क्लिपच नको होती. मी स्टीलची ठेवली, रंगाला ती शोभते. किंमत ४,२०० रुपये. किमतीतला मोठा वाटा घासणीच्या वेळेचा आहे आणि तो मला कमी करायचा नाही. ज्याला नेहमीची बारीक किंवा मध्यम निब हवी त्याला तीही बसवून देतो. पेन घेणाऱ्याकडून आम्ही आधी एक पान मागवतो, रोजच्या अक्षरात, रोजच्या कागदावर, आणि हात पेनावर असतानाचा एक फोटो.

एकोणचाळीस पेन गेले. चाळिसावा चोपड्याच्या एका मुलीचा आहे. ती डावरी आहे. आपण रेघ ओढतो, ती निब पुढे ढकलत लिहिते, त्यामुळे धारेची कड कागदात रुतते. तिनं पाठवलेल्या पानावर शिरोरेघा मध्येच तुटल्यात, पण अक्षर फार सुंदर आहे. तिच्या निबेची डावी कड जास्त गोल करावी लागेल आणि शाई थोडी सैल सोडावी लागेल. उद्या ऊन चढायच्या आत, पंखा बंद करून, तेच काम हातात घेणार आहे.